शिडी नव्हे, शेजार

महोदय,
शिकार, पशुपालन, शेती, उद्योग अशी प्रगतीची शिडी पोरं पाठ करतात. आमच्याकडे या पायऱ्या एकाच बांधावर भेटतात. परवा ऊस तुटलेल्या रानात (पाचट न पेटवता, हे विशेष!) धनगरांची मेंढरं बसवली होती. घोड्यावर बिऱ्हाड, वर पाय बांधलेल्या कोंबड्या. लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याने ज्वारी मोजली, तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली इथे माळावर कारखाना उभारला, तोही लोखंडी नांगर बनवणारा. माणूस सुमारे ३ लाख वर्षांचा, शेती जेमतेम १२ हजारांची. मग शिडीच्या खालच्या पायरीवरचे म्हणून धनगर ‘मागासलेले’ कसे? मेंढरांची वाट तेवढी कुंपणांनी अडवू नका.
– एक शेतकरी, पलूस (जि. सांगली)