हातात किती, उरतात किती

औसा,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दत्ता,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी ड्युटीवर होतो, तीन नंबरच्या बेडचा पेशंट व्हेंटिलेटरवर घ्यायचा होता, म्हणून दोन मिनिटांत ठेवला. रागावू नकोस. तेवढ्या दोन मिनिटांत तू तीन गोष्टी सांगितल्यास. इंग्लंडचं काम जमायलंय, महिन्याला अडीच लाख मिळणार आहेत, आणि एजंटला सहा लाख द्यायचेत म्हणून आबा गंगाखेडचं एक एकर काढायला तयार झालेत. पहिल्या दोन ऐकून जीव सुखावला, तिसरी ऐकल्यापासून झोप नाही. आज रविवारची सुट्टी आहे. आईनं तुरीच्या शेंगा उकडल्यात, त्या खात बसून लिहायलोय. यात आकडे लई आहेत आणि फोनवर सांगितलेला आकडा ध्यानात राहत नाही, म्हणून पत्र.

जाऊ नको असं मी म्हणणार नाही. सव्वाशे खाटांच्या दवाखान्यात, तीन वर्षं आयसीयू सांभाळून, तुला सोळा हजार देतात. सरकारी अधिपरिचारिकेचं मूळ वेतनच ३५,४०० आहे, त्यावर महागाई भत्ता वेगळा. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रानं समिती नेमली होती. शंभर ते दोनशे खाटांच्या खासगी दवाखान्यानं सरकारी पगारापेक्षा फार तर दहा टक्के कमी द्यावा, आणि पन्नास खाटांच्या आतल्यानंही वीस हजारांच्या खाली जाऊ नये, अशी तिची शिफारस होती. ती कागदावरच राहिली आणि आपली पोरं बाहेर निघाली. यंदा सप्टेंबरच्या पाण्यानं सोयाबीन नेलं, तुमच्याकडं तर गोदावरी रानात घुसली. अशा साली माणूस जो हात पुढं येईल तो धरतो. म्हणूनच सांगायलोय, हात कुणाचा आहे ते आधी बघ.

माझं रियाधचं तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं मी कुणालाच सांगितलं नाही, लाज वाटायची. आमच्या दादांची एक लाल कापडी वही आहे, बी-बियाण्याच्या नोंदींची. काल ती काढून बघितली. २०१८ च्या ऑगस्टात एका पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय, 'पोराचे सौदीचे ३,००,०००, शेकडा ३'. शेकडा तीन म्हणजे महिन्याला नऊ हजार नुसतं व्याज. एजंटनं त्यातले दोन लाख ऐंशी हजार घेतले आणि पावती दिली तीस हजारांची. का, ते मला खूप उशिरा कळलं. आपल्या देशात परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून तीस हजार आणि त्यावरचा जीएसटी, एवढेच घेता येतात. वरचे अडीच लाख कुठल्याच कागदावर नव्हते, मग भांडणार कशाच्या जोरावर? इथं दाखवलेल्या करारात ४,२०० रियाल होते. तिथं उतरल्यावर अरबीतला दुसरा कागद पुढं आला, त्यात ३,२००. परत फिरावं तर घरी नऊ हजार व्याज चालू. सही केली.

तेव्हा रियाल अठरा रुपयांच्या आसपास होता. म्हणजे ३,२०० चे सत्तावन्न हजार. राहायला खोली दवाखान्याची, इन्कम टॅक्स नाही, तरी खाणंपिणं, फोन, कपडे धरून नऊशे जायचे. पगार झाला की शुक्रवारी बथा भागातल्या मनी एक्सचेंजच्या रांगेत उभं राहायचं, २,३०० रियाल पाठवायचे, पावतीचा फोटो दादांना. ते वहीत लिहायचे. चौदा महिन्यांची पानं बघितली, प्रत्येकावर आधी 'व्याज', मग 'मुद्दल', मग 'घर'. चौदा महिने मी आयसीयूत बारा-बारा तास उभा राहिलो ते सावकारासाठी. पंधराव्या महिन्याच्या पानावर दादांनी फक्त 'फिटले' लिहिलंय आणि खाली रेघ ओढलीय. ती रेघ बघून काल रडू आलं, खरं सांगतो.

पुढची वर्षं मात्र चांगली गेली. पगार ३,८०० झाला. रियाल डॉलरला ३.७५ वर बांधलेला आहे, त्यामुळं रुपया पडला की आपल्याला आपोआप जास्त मिळतात. करार संपवून निघालो तेव्हा पाच वर्षांची ग्रॅच्युइटी, वर्षाला अर्धा महिना या हिशेबानं, साडेनऊ हजार रियाल मिळाली, दोन लाखांवर रुपये झाले. ताईचं लग्न आणि या दोन खोल्या त्याच पैशांतल्या. म्हणून आखाताला मी नावं ठेवत नाही. कर्ज नसेल आणि करार खरा असेल, तर तिथं पगार कमी दिसूनही शिल्लक चांगली पडते.

आता तुझ्या अडीच लाखांचं. आपल्या बॅचची पूर्णेची ती, जी नाईटला नेहमी चिवडा आणायची, ती दीड वर्षापासून इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यात आहे. परवा तिला फोन लावून पगाराची स्लिप मागितली, तिनं लगेच पाठवली. तिथं नव्या रजिस्टर्ड नर्सला 'बँड ५' म्हणतात, यंदाच्या एप्रिलपासून त्याची सुरुवात वर्षाला ३१,०४९ पाउंडांवर आहे. महिन्याला २,५८७. आता कपात बघ. इन्कम टॅक्स साधारण २६५, नॅशनल इन्शुरन्स १२३, पेन्शन २१५. हातात १,९८४ च्या आसपास. आपल्या रुपयात सव्वादोन लाखांच्या वर. म्हणजे तुझ्या एजंटनं आकडा अगदीच हवेत सोडलेला नाही. पण पुढं ऐक. ती एका घरातली एकच खोली घेऊन राहते, तिचे ६५० पाउंड. बस, किराणा, फोन, थंडीचे कपडे मिळून साडेचारशे. महिन्याला आठ-नऊशे उरतात, म्हणजे लाखभर रुपये. शनिवारी आणि रात्री तीस टक्के, रविवारी साठ टक्के जास्त मिळतात, म्हणून ती रविवार सोडत नाही. आणि ती एकटी आहे. तू वहिनी आणि छकुलीला नेणार म्हणालास. मग एका खोलीत भागत नाही, घर लागतं, आणि एका पगारात हातात फार काही राहत नाही. 'उरतात किती' हे तुला एजंट सांगणार नाही, ते त्याला माहीतही नसतं.

तरी माझा खरा घोर वेगळाच आहे. तू बोलता बोलता म्हणालास, 'परीक्षा लागत नाही, डायरेक्ट केअर होमला जायचंय.' केअर होम म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सांभाळायची जागा. दत्ता, इंग्लंडात नर्स म्हणून उभं राहायचं तर इंग्रजीची आयईएलटीएस किंवा ओईटी लागते, मग कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग तिथं गेल्यावर ओस्की म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, जिची फीच ७९४ पाउंड आहे. ती पास होईपर्यंत खालच्या बँडचा पगार. या चाळणीतून न जाता कुणी नर्स होत नाही. परीक्षाच नाही म्हणजे ते काम नर्सचं नाही, केअर वर्करचं आहे, आणि परदेशातून नव्या केअर वर्करला बोलावायचा व्हिसा त्यांनी याच वर्षी २२ जुलैला बंद केला. मग सहा लाख घेऊन हा माणूस तुला कुठल्या दारातून आत नेणार आहे? आणखी एक. नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायचे नाहीत हा तिथल्या सरकारचा नियम आहे. आपल्या पूर्णेच्या मैत्रिणीचं तिकीट आणि पहिल्या महिन्याची खोली दवाखान्यानं दिली. मधेच सोडलं तर तो खर्च परत करायचा, एवढीच अट. तसंही तिथल्या दवाखान्यांनी बाहेरची भरती गेल्या दोन वर्षांत लई कमी केलीय, ती स्वतःच म्हणाली, 'आता आले असते तर मिळालं नसतं.'

अमेरिकेचं तुला सुचेलच. तिथं नर्सचा मधला पगार वर्षाला ९३,६०० डॉलर आहे, या पत्रातल्या सगळ्यांत वर. पण एनक्लेक्स ही तिथली नर्सिंगची परीक्षा पास होऊनही ग्रीन कार्डच्या रांगेत आपल्या लोकांची वर्षानुवर्षं जातात. आज घर चालवायचंय त्याला ते परवडत नाही.

मी स्वतः जर्मनी धरलंय, हे तुला सांगितलं नव्हतं. रात्री साडेआठला ऑनलाइन क्लास असतो, नाईट नसेल त्या दिवशी करतो. जर्मन भाषेची बी-वन पायरी झाली, तिच्या वरची बी-टू उन्हाळ्यात पुण्याला द्यायचीय. तिथं म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममधल्या शिकलेल्या नर्सला तासाला किमान २०.५० युरो द्यावेच लागतात, यंदाच्या जुलैपासून. महिन्याचे साधारण ३,४०० होतात. त्यातला एक तृतीयांश कर आणि विम्यात जातो, हातात सव्वादोन हजारांच्या जवळपास. आपल्या शिक्षणाचे कागद तिथं मान्य होईपर्यंत मदतनीस म्हणून ठेवतात, पगार कमी, ते सहा-आठ महिने कसे काढायचे याचा हिशेब मी आत्ताच मांडून ठेवलाय. भाषा जड आहे. छत्तीस वय, दिवसभर उभं राहून संध्याकाळी 'डेअर, डी, दास' पाठ करायचं, डोळे मिटतात. पण आतापर्यंत माझे गेले ते क्लासचे आणि परीक्षेचे, तेही पगारातून, वहीत एक रुपया लिहावा लागला नाही. तिथल्या सरकारी शिक्क्याच्या भरती संस्था नर्सकडून पैसे घेत नाहीत, खर्च दवाखान्याचा. आपल्या राज्य सरकारनंही २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात नर्सेस आहेत. जानेवारीत ए-वनची, म्हणजे अगदी पहिल्या पायरीची, नवी बॅच सुरू व्हायलीय. तू आलास तर मलाही रात्री बोलायला कुणीतरी होईल, जर्मन भाषा माणूस एकट्यानं शिकूच शकत नाही.

तुझा निर्णय तूच घ्यायचा. मात्र एवढं कर. करारनाम्याच्या सगळ्या पानांचे फोटो मला पाठव, दोन्ही बाजूंचे. त्यावर पदाचं नाव काय लिहिलंय, 'रजिस्टर्ड नर्स' की दुसरं काही, ते आधी बघ. एजंटचा नोंदणी नंबर माग, ई-मायग्रेट या सरकारी साइटवर आपण दोघं मिळून शोधू. त्याला विचार, सहा लाखांची पावती सहा लाखांचीच देशील का. तो काय म्हणतो ते मला शब्दाला शब्द सांग.

पुढच्या रविवारी मी सकाळच्या गाडीनं परभणीला येतो, तिथून गंगाखेडला. दादांची वही सोबत आणतो, आबांना ती पानं मी स्वतः दाखवीन, माझ्या तोंडून ऐकलेलं त्यांना पटेल. तोवर त्यांना म्हणावं, गिऱ्हाईकाला होकार देऊ नका, इसार तर मुळीच घेऊ नका.

काकूंना नमस्कार, छकुलीला पापा.

तुझाच,
बाळ्या