टेटू या औषधी झाडाच्या बियाण्यासाठी ग्रामस्थ व बाहेरगावी राहणाऱ्या गावकरी बंधुभगिनींना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे आजवरचे काम मोजक्या माणसांच्या बळावर झाले आहे, म्हणून त्यांचा उल्लेख प्रथम करतो. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार करावयाची लोकजैवविविधता नोंदवही (गावच्या झाडाझुडपांची व जिवांची नोंद) बचत गटाच्या भगिनींनी आणि आपल्या वैदू आजोबांनी रानात पायी हिंडून भरली. नाट्यमंडळाने मंडईच्या जत्रेतील रात्रीच्या प्रयोगातील सगळी शिल्लक रोपवाटिकेला दिली. निवृत्त गुरुजींनी पेन्शनमधून हिरवी जाळी घेऊन दिली, आणि बोडीलगतची (लहान तळ्याजवळची) जागा देणाऱ्या काकूंनी तर स्वतःच्या नावाची साधी पाटीही लावू दिली नाही. त्याच जागेत टेटूची 180 रोपे वाढली, याचा समितीला अभिमान आहे.

परंतु ही सर्व रोपे एकाच झाडाच्या शेंगांतून आलेली आहेत. टेटूच्या एका शेंगेत शेकडो बिया असतात. त्यामुळे रोपे पुष्कळ झाली, तरी ती एका आईची लेकरे आहेत, आणि उद्या एखादा रोग आला तर एकाला जे होईल तेच बहुतेकांना होण्याची भीती आहे. शिवाय टेटूचे फूल रात्री उमलते, वटवाघळे त्याचे पराग वाहून नेतात, आणि शेंग धरण्यासाठी परक्या झाडाचा पराग लागतो. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवरचे तीन टेटू दरवर्षी फुलतात, पण शेंग क्वचितच धरतात. ते एकाच मुळाचे फुटवे असावेत, असे आजोबांचे मत आहे, आणि ते आम्हाला पटते. दशमुळातील औषध म्हणून टेटूची मुळे खणून नेली जातात. ज्या झाडाने आपल्याला ही रोपे दिली, तेही असेच गेले.

म्हणून या हिवाळ्यात दूरदूरच्या जंगलांतील किमान 25 झाडांच्या शेंगा, ग्रामसभांची व वनविभागाची परवानगी घेऊन, तडकण्यापूर्वी उतरवायच्या आहेत. प्रत्येक झाडावर निम्म्याहून अधिक शेंगा राहू द्यायच्या, प्रत्येकाचे बी क्रमांक घातलेल्या वेगळ्या पिशवीत ठेवायचे, आणि लागवडीच्या वेळी निरनिराळ्या झाडांची रोपे शेजारी शेजारी लावायची, असे ठरले आहे.

गेल्या वर्षी याच कामासाठी काढलेल्या पत्रकाला तीन घरांनी प्रतिसाद दिला आणि शेंगा तडकून बी वाऱ्यावर गेले. त्याच महिन्यात इतर वर्गण्या दोन दिवसांत जमल्या. याचे वाईट वाटले, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

मजुरी, प्रवास, कापडी पिशव्या, माती व शेणखत मिळून 38,500 रुपये लागतील. देणगी पौष अमावास्येपूर्वी ग्रामपंचायत कार्यालयात (सकाळी 11 ते 1, रविवार सोडून) पावती घेऊनच द्यावी, बाहेरगावच्यांनी घरच्या माणसांकरवी पाठवावी, पैसे शक्य नसल्यास झाडावर चढणारा माणूस, बैलबंडी किंवा एक दिवसाचे श्रमदान द्यावे, आणि आपल्या धुऱ्यावर (बांधावर) वा रानात टेटू दिसल्यास शेंग न तोडता समितीला कळवावे.

आपला,
सचिव, जैवविविधता व्यवस्थापन समिती