न चढलेल्या खडकाविषयी

ऍडलेड,
ऑगस्ट

तीर्थरूप आई व बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी पहिलाच प्रश्न केला, "मग, चढलीस की नाही?" मी "नाही" म्हटल्यावर तुम्ही दोघेही जे गप्प झालात, त्यावरून माझी तब्येत बिघडली असावी किंवा ऐन वेळी धीर सुटला असावा, अशी तुमची समजूत झालेली दिसते. तसे काहीही झालेले नाही. उलुरूवर चढण्यास 26 ऑक्टोबर 2019 पासून कायमची मनाई आहे आणि मनाई नसती तरी मी चढले नसते. हे सारे फोनवर घाईघाईत सांगण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

उलुरू हा ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी सपाट मैदानातून एकदम वर आलेला वालुकाश्माचा प्रचंड खडक आहे. जमिनीपासून त्याची उंची 348 मीटर असून पायथ्याचा घेर 9.4 किलोमीटर भरतो. छायाचित्रांत तो तांबडालाल दिसतो, पण तो रंग वरवरचा आहे. दगडातल्या लोहाला गंज चढल्यामुळे तो आलेला आहे आणि गुहांच्या आत, जिथे ऊनपाऊस पोचत नाही, तिथे मूळचा करडा दगड स्पष्ट दिसतो. ही भूमी आनांगू लोकांची. पिट्जनजारा आणि यांकुनिजारा या भाषा बोलणारे हे लोक हजारो वर्षांपासून या वाळवंटात राहत आले आहेत. त्यांच्या परंपरेप्रमाणे चढाईची ती वाट म्हणजे माला नावाच्या पूर्वजांनी इथे आल्यावर घेतलेली वाट आहे, आणि तिच्यावरून कोणी, केव्हा जायचे हे चुकुर्पाने, म्हणजे त्यांच्या धर्माने, कायद्याने आणि सृष्टिकथेने मिळून ठरवलेले आहे. शिवाय आपल्या भूमीवर आलेल्या पाहुण्याला इजा झाली तर तिचा दोष आपल्यावर येतो, अशी त्यांची भावना आहे. चढताना आजवर 37 माणसे दगावली, आणि प्रत्येक मृत्यूचे सुतक त्यांनी आपल्या घरचे मानले. पर्यटकांनी आधार घ्यावा म्हणून 1964 मध्ये खडकात साखळी ठोकण्यात आली. ती ठोकताना त्यांना कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही.

सरकारने ही जमीन 26 ऑक्टोबर 1985 रोजी आनांगूंच्या नावे केली, पण ती 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी लगेच परत देण्याची अट घालूनच. चढाई बंद करू, असे जे आश्वासन त्याआधी दिले होते, तेही गुंडाळून ठेवले. त्यानंतर आनांगूंनी कित्येक वर्षे पायथ्याशी फक्त एक विनंतीचा फलक लावून ठेवला, की कृपया चढू नका. आणि लोक तो फलक वाचून वर चढत राहिले. पुढे उद्यानाच्या मंडळाने, ज्यात आनांगूंचे बहुमत आहे, 2017 मध्ये एकमताने बंदीचा निर्णय घेतला आणि अंमलबजावणीसाठी तीच 26 ऑक्टोबरची तारीख निवडली. बाबा, शेवटच्या दिवसांत तिथे चढणाऱ्यांची जी रांग लागली होती तिची छायाचित्रे मी पाहिली आहेत. त्या रांगेत उभे राहण्यात साहस कोणते, हे मला कळलेले नाही.

आम्ही तिघी मैत्रिणी पायथ्याच्या वाटेने संपूर्ण प्रदक्षिणा करून आलो. वाट 10.6 किलोमीटरची, अगदी सपाट, आणि तरीही माझ्या आजवरच्या भटकंतीत इतके लक्षपूर्वक चालणे कधी झाले नव्हते. काही ठिकाणी फलक आहेत, की येथून पुढच्या भागाचे छायाचित्र घेऊ नये. कारण खडकाचे काही भाग केवळ स्त्रियांचे आहेत, काही केवळ पुरुषांचे, आणि त्या जागा जिथल्या तिथेच पाहाव्यात, चित्ररूपाने दुसरीकडे नेऊ नयेत, असा दंडक आहे. आमच्यापुढे चालणाऱ्या एका वृद्ध जोडप्याने त्या फलकापाशी पोचताच कॅमेरा पिशवीत घातला आणि तो भाग संपेपर्यंत बाहेर काढला नाही. तिथे पहारेकरी कोणी नव्हता.

दक्षिण बाजूला मुटिजुलू नावाचे पाणवठ्याचे ठिकाण आहे. तिथल्या कड्यावरील खुणांची कथा आनांगू सर्वांना सांगतात: कुनिया ही अजगर-स्त्री आपल्या भाच्याला मारणाऱ्या लिरू या विषारी सर्पाचा सूड घेते, आणि तिने केलेल्या घावांच्या उभ्या चिरा आजही दगडावर दिसतात. मात्र पर्यटकांना सांगितली जाते ती लहान मुलांना सांगण्याइतकीच कथा. मोठ्यांची कथा निराळी, ती अधिकार असलेल्यालाच ऐकायला मिळते. काही पर्यटक यावर नाराज होतात. पैसे मोजले म्हणजे सगळे ऐकायला मिळालेच पाहिजे, असा त्यांचा हिशेब असतो. मला उलट त्या नकाराने बरे वाटले, कारण विक्रीला न ठेवलेले काही तरी त्या लोकांपाशी अजून शिल्लक आहे. तीन दिवसांच्या प्रवेशासाठी 38 डॉलर पडतात आणि त्यातला चौथा हिस्सा आनांगूंना मिळतो. त्या पैशात चुकुर्पा येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

काटा जुटा या खडकसमूहाचे 36 घुमट तिथून पश्चिमेला आहेत, तेही पाहिले. हिवाळा असल्यामुळे वाटा खुल्या होत्या. उन्हाळ्यात पारा 36 अंशांवर जाण्याचा अंदाज असला, की सकाळी अकरानंतर तिथली लांबची वाट बंद करतात.

आता आईला ज्याची काळजी होती त्या रस्त्याविषयी. काटा जुटापासून पश्चिमेला सुटणारा ग्रेट सेंट्रल रोड हा बहुतांशी कच्चा रस्ता असून तो संपूर्ण वाळवंट ओलांडून जवळजवळ अकराशे किलोमीटरवरच्या लॅव्हर्टन या गावी पोचतो. आम्ही तेवढे गेलो नाही. शेजारच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याच्या सरहद्दीपलीकडच्या वाराकुर्ना या वस्तीच्या परिसरापर्यंत जाऊन परतलो. ही जमीन मूळ रहिवाशांच्या मालकीची असल्यामुळे नुसते त्या रस्त्याने जायचे असले तरी आधी लेखी परवाना काढावा लागतो, आणि सरहद्दीच्या अलीकडचा व पलीकडचा असे दोन परवाने निराळे असतात. त्यासाठी पैसे पडत नाहीत, पण अटी स्पष्ट असतात: रस्ता सोडून आत शिरायचे नाही, वस्तीत दारू न्यायची नाही. आई, पाणी भरपूर होते, दोन जादा चाके होती, उपग्रहावरून चालणारा फोन भाड्याने घेतला होता, आणि गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघायचे नाही, हा इथला पहिला नियम तिघींनाही पाठ होता. रस्त्यावर वाहतुकीने आडव्या वळ्या पडलेल्या असतात. चाकातली हवा थोडी कमी केली की हादरे सोसवतात. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा, कारण त्यानंतर कांगारू आणि उंट रस्त्यावर येतात.

हे उंट मूळचे इथले नव्हेत. एकोणिसाव्या शतकात अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब या भागांतून उंट आणि उंटवाले आणले गेले. मोटारी आल्यावर उंट मोकाट सोडले आणि आता त्यांचे कळप जिवंत खडकातली पाण्याची कुंडे आटवून आणि नासवून टाकतात. ज्या कुंडांच्या आधाराने इथली माणसे पिढ्यानपिढ्या जगली आणि ज्यांना ती पवित्र मानतात, त्यांत उंट मरून पडलेला आढळतो. उंटांना गोळ्या घालण्याच्या मोहिमांवर शहरात बसून टीका करणे सोपे आहे. मीही पूर्वी करीत असे.

एका वस्तीतल्या कला केंद्राने आधी पत्रव्यवहार करून तिथल्या बायकांबरोबर रानात जाण्याचे ठरवून दिले होते. त्या दिवसाचा मोबदला कोणाला किती द्यायचा, तेही केंद्रानेच सांगितले होते, त्यामुळे संकोचाला जागा राहिली नाही. आमची म्होरकी एक वयस्कर बाई होती. तिचे नाव लिहीत नाही, कारण ते लिहिण्याची परवानगी मी मागितलेली नाही. ती हातात लोखंडी पहार घेऊन मुल्गा नावाच्या, बाभळीच्या कुळातल्या झाडांखालून वाकून चालत होती आणि जमिनीवर मला काहीच दिसत नसताना एका जागी थांबली. पाहते तो एक मुंगी एवढ्याशा भोकात शिरत होती. मग पहारेने माती सैल करायची, डब्याच्या झाकणाने उपसायची, पुन्हा भोकाचा माग काढायचा, असे करीत ती कमरेइतक्या खड्ड्यात उतरली. आत छोट्या कप्प्याच्या छताला मधाच्या मुंग्या लोंबकळत होत्या. त्यांची पोटे द्राक्षाएवढी फुगलेली, पिवळसर आणि आरपार दिसणारी. सुगीच्या दिवसांत इतर मुंग्या त्यांना मध भरवून ठेवतात आणि दुष्काळात त्यांच्याकडून परत घेतात. मुंगीला डोक्याकडून चिमटीत धरून पोटातला मध ओठांनी ओढून घ्यायचा असतो. काकवीसारखी, किंचित आंबटसर चव लागते. आई, तू नाक मुरडशील हे ठाऊक आहे, पण मी खाल्ला.

त्या चारपाच तासांत बोलणे फार थोडे झाले. त्या बायका शेजारी शेजारी बसतात, समोरासमोर डोळ्याला डोळा लावून बोलत नाहीत, आणि प्रश्नामागून प्रश्न विचारणे उद्धटपणाचे समजले जाते. गप्प बसणाऱ्याला काही सुचत नाही, असे तिथे कोणी मानत नाही. मेलेल्या माणसाचे नाव बराच काळ उच्चारले जात नाही. त्यांच्या कुटुंबातले कोण कोण आहे, अशी आपल्याकडे सहज होणारी चौकशी म्हणूनच मी केली नाही. परतताना त्यांच्यापैकी एकीने विणलेली गवताची टोपली विकत घेतली. शहरातल्या दुकानांत आदिवासी कला म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच वस्तू बनावट असतात, त्यामुळे विणणारीच्या हातून घेणे बरे.

हे सगळे वाचून तिथे सर्व आलबेल आहे असे समजू नका. वाराकुर्नाजवळच जाइल्स नावाचे हवामान केंद्र आहे. ते 1956 मध्ये ब्रिटिशांच्या शस्त्रचाचण्यांसाठी उभारले गेले. त्याच वर्षी दक्षिणेला मारालिंगा येथे अणुस्फोट सुरू झाले. चाचण्यांसाठी माणसांना त्यांच्या भूमीवरून हलवले, आणि जे मागे राहिले त्यांना धोक्याची सूचना कळेल अशा भाषेत ती दिलीच गेली नाही. वस्त्यांमधली घरे आजही अपुरी आहेत. उलुरूजवळ देशभरातल्या मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींनी 2017 मध्ये एक निवेदन तयार केले आणि संसदेला सल्ला देणारे आपले मंडळ राज्यघटनेत असावे, अशी मागणी केली. 14 ऑक्टोबर 2023 च्या सार्वमतात सुमारे साठ टक्के मतदारांनी ती फेटाळली. माझ्या कार्यालयात त्यानंतरच्या सोमवारी या विषयावर कोणी चकार शब्द काढला नाही. उलुरूचे चित्र मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तसेच लटकत होते.

बाबा, पुढच्या वर्षी तुम्ही दोघे येणार असाल तर जून ते ऑगस्टमध्ये या. रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा कानटोपी आणि जाड मोजे हवेतच. थंडी ओसरली की माश्यांचा ताप सुरू होतो आणि तोंडावर जाळी ओढावी लागते. पायथ्याची वाट तुमच्या गुडघ्यांना झेपेल, नाही झेपली तर मुटिजुलूपर्यंत गाडी जाते आणि तिथून चालणे थोडेच आहे. परवान्यांचे अर्ज मी इथूनच करीन. फक्त तारखा वेळेवर कळवा, कारण तिकिटांचे भाव सुट्यांच्या काळात फार चढतात.

बाकी सर्व क्षेम. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमची,
लेक