पुढच्या तारखेला डॉक्टर असतील ना?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो तेव्हा सगळ्याच पेपरांत चांगले लेख येतात, की मनातलं बोला, लाजू नका, ताप आल्यावर डॉक्टरकडं जाता तसंच याच्यासाठी पण जा. मी ते वाचते, काही कापून पण ठेवलेत. पण जे लोक आधीच डॉक्टरकडं जातायत, दहा दहा पंधरा पंधरा वर्षं जातायत, त्यांच्या पोटात एक भीती कायम असते आणि तिच्याबद्दल मी आजपर्यंत कुठं एक ओळ वाचली नाही म्हणून आज लिहायला बसले. ती भीती म्हणजे आपला सायकॅट्रिस्ट आपल्याला सोडून जाईल. नाहीतर कंटाळून म्हणेल, आता तुम्ही दुसरीकडं दाखवा.

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं असा आजार. २००९ साली दुसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झालं. आधी घरच्यांना वाटलं बाधा आहे, वाडीला दत्ताला नेलं, अंगारा झाला, दोन महिने तसेच गेले आणि मग एका नातेवाईकांनी सांगलीतल्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्यांनी लिथियम हे मन स्थिर ठेवायचं औषध सुरू केलं आणि मी माणसात आले, बाळाला मांडीवर घेऊन झोपवायला लागले. सहा वर्षं त्यांच्याकडं जात होते. कधी वेगळं काही मनातच आलं नाही, डॉक्टर म्हणजे गावातल्या देवळासारखे, असणारच.

२०१५ ला तारखेला गेले तर शटर बंद. बोर्ड पण काढलेला. खालच्या मेडिकलवाल्यानं सांगितलं डॉक्टर मुलाकडं गेले परदेशात, आता नाही येणार. मी पायरीवर बसले. मिस्टर म्हणाले अगं चल, डॉक्टर काय कमी आहेत का सांगलीत. त्यांचं चुकलं नाही, बीपी शुगरचा डॉक्टर गेला तर आपण दुसरा बघतो, रिपोर्ट टेबलावर ठेवतो, संपलं. पण इथं रिपोर्टमध्ये काही नसतं हो. जे असतं ते त्या माणसाच्या डोक्यात आणि त्याच्या फाईलमध्ये असतं आणि आमची फाईल क्लिनिकमध्येच राहायची, आमच्या हातात फक्त शेवटची चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर मेडिकलवाल्यानं एक महिना गोळ्या दिल्या, मग म्हणाला ताई आता नवीन चिठ्ठी आणा, मला देता येत नाही. त्याचंही बरोबर. आणि नवीन डॉक्टरकडं जायचं माझं धाडसच होईना, कारण परत पहिल्यापासून सगळं सांगायचं, बाळंतपणात माझ्या मनात बाळाबद्दल काय काय आलं होतं ते सुद्धा, जे मी मिस्टरांना पण आजवर सांगितलेलं नाही. एकदा सांगताना जीव गेला होता. मी उद्या उद्या करत राहिले आणि गोळ्या संपल्या.

लिथियम असं एकदम बंद झालं की आजार उलटून येण्याचा धोका फार असतो, हे मला आता माहितीये. तेव्हा फक्त एवढं कळत होतं की मला फार बरं वाटतंय. झोप लागेना आणि झोपेची गरजही वाटेना, रात्री तीनला डबे घासत बसायचे, पाटल्या गहाण टाकून साड्यांचा धंदा सुरू करायला निघाले, सासऱ्यांना वाट्टेल ते बोलले. शेवटी ॲडमिट केलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं आधी काय काय औषधं झाली, कुणालाच सांगता येईना, त्यांनी कार्बामाझेपिन दिलं आणि अंगभर पुरळ उठलं. नंतर घरी आईला आठवलं की अगं हीच गोळी तुला पहिल्या वर्षी पण सोसली नव्हती, असंच पुरळ आलं होतं. ते त्या जुन्या फाईलमध्ये लिहिलेलं असणार. ती फाईल कुठं गेली कुणास ठाऊक.

जुन्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांचं वय झालं होतं, मुलाजवळ जावंसं वाटलं असेल. पण महिनाभर आधी एक कागद दारावर लावला असता तरी चाललं असतं.

आता ज्या मॅडमकडं मी जाते त्यांच्याकडं दहा वर्षं होतायत. आणि खरं सांगायचं तर दहा वर्षं मी घाबरलेली आहे. क्लिनिकला रंग दिला की वाटतं विकणारेत. कंपाउंडर म्हणाला मॅडम पुढचा आठवडा नाहीत की विचारावंसं वाटतं कुठं गेल्यात, पण विचारत नाही, चिकट पेशंट वाटेन म्हणून. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दोन दिवस त्यांचा फोन लागला नाही तर मी उरलेल्या गोळ्या ताटात काढून मोजत बसले होते. मग त्यांचाच फोन आला, व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवली, मेडिकलवाल्यानं दिल्या. आणि मध्यंतरी रिसेप्शनच्या मुलीनं सहज सांगितलं की मॅडम आता फक्त गुरुवारी बसणार, बाकीचे दिवस दुसरीकडं, त्या रात्री मी पहाटेपर्यंत जागी. दुसऱ्या रात्री पण. आता आमच्या आजारात झोप गेली की तेवढ्यानं सुद्धा चढतं माणूस, म्हणजे डॉक्टर जाईल या भीतीनंच परत डॉक्टरची गरज लागेल अशी वेळ येते. हे कुणाला सांगायचं? डॉक्टरलाच सांगायचं असतं, पण भीती तर त्यांचीच आहे.

बाहेर बाकावर नंबरची वाट बघत असताना बायका बोलतात आपापसात. एकीनं सांगितलं, मी मॅडमसमोर कधी रडत नाही, त्यांना वाटेल औषध लागू पडत नाही आणि त्या मला पुण्याला पाठवतील. दुसरी म्हणाली मी जीव द्यायचे विचार येतात ते सांगत नाही, घाबरून सोडतील. तिला मी म्हटलं बाई हे तर पहिलं सांग. पण मी स्वतः काय वेगळं करत होते? मी पण आत गेलं की "छान चाललंय मॅडम" म्हणायचे. चांगली पेशंट व्हायचं. लवकर उठायचं खुर्चीवरून. त्रास द्यायचा नाही म्हणजे त्या कंटाळणार नाहीत.

याची किंमत मी मोजलीये म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी गुडघा धरला, शेजारणीकडची आयबुप्रोफेनची गोळी आठ दहा दिवस घेतली. लिथियमवर असताना ती विचारल्याशिवाय घ्यायची नसते, त्यानं रक्तातलं लिथियम वाढतं, मॅडमनी सुरुवातीला सांगितलं पण होतं, मी विसरले. हात थरथरायला लागले, कप धरता येईना, मग जुलाब, उलट्या, चालताना तोल जायला लागला. फोन करावा की नको यात तीन दिवस घालवले. कारण त्याच महिन्यात मी आधी दोनदा फोन केला होता आणि तिसऱ्यांदा केला तर त्या म्हणतील ही बाई फार त्रास देते. शेवटी मुलीनं फोन लावला, तातडीनं रक्त तपासलं, लेव्हल १.९ आली. आमची ०.६ ते १ च्या मध्ये ठेवतात, दीडच्या वर गेली की विषारी व्हायला लागते. चार दिवस सलाईनवर होते. त्यानंतर आता दर थोड्या महिन्यांनी किडनी आणि थायरॉईड पण बघतात.

मॅडम बघायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं फोन का नाही केला. मी पहिल्यांदा खरं बोलले. म्हटलं तुम्ही मला सोडाल म्हणून. त्या हसल्या नाहीत, आणि "असं काही नसतं हो" असंही म्हणाल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, मी कायम असेन असं वचन मी देऊ शकत नाही, मी पण माणूस आहे, आजारी पडेन, कधी थांबेन, पण तुम्हाला न सांगता जाणार नाही आणि गेले तर कुणाकडं जायचं ते आत्ताच ठरवून ठेवू. काही पेशंटच्या आजाराचा ही भीती मोठा भाग असते असंही त्या म्हणाल्या, आणि ज्याला एकदा असं अचानक सोडलंय त्याला वाटणं तर साहजिकच. मग त्यांनी एक कागद लिहून दिला. एका पानाचा. आजाराचं नाव, कधीपासून, कुठल्या गोळ्या किती, कुठली गोळी सोसत नाही (कार्बामाझेपिन लाल पेननं), ॲडमिट कधी कधी होते, शेवटच्या लेव्हल किती, आणि आजार यायला लागला की पहिली लक्षणं कुठली, त्यात "रात्री भांडी घासते" असं पण लिहिलंय. खाली दुसऱ्या दोन डॉक्टरांची नावं. त्यातल्या एकांकडं मला एकदा नेऊन ओळख पण करून दिली. हे सगळं करायला फार तर अर्धा तास लागला असेल. मी तो कागद लॅमिनेट करून घेतला, मिस्टरांच्या आणि मुलीच्या मोबाईलमध्ये फोटो आहे. भीती गेली असं नाही म्हणणार. पण गुरुवार चुकला तर आता मी झोपते.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा कागद मला पंधरा वर्षांनी, मरता मरता वाचल्यावर का मिळावा? पहिल्या वर्षीच का नाही, आणि सगळ्यांनाच का नाही?

मुलीनं मोबाईलवर शोधून मला वाचून दाखवलं की २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे त्यात कलम ९८ मध्ये लिहिलंय की हॉस्पिटलमधून पेशंटला घरी सोडताना किंवा त्याची जबाबदारी नवीन सायकॅट्रिस्टकडं जाणार असेल तेव्हा आधीच्या डॉक्टरनं पेशंटशी, घरच्यांशी आणि नवीन डॉक्टरशी बोलून पुढची ट्रीटमेंट कशी होणार ते ठरवायचं. कलम २५ प्रमाणे आपली कागदपत्रं बघायचा हक्क पेशंटला आहे. डॉक्टर लोकांच्या आचारसंहितेत पण, २००२ च्या, आहे की एकदा पेशंट हातात घेतला की पुरेशी सूचना दिल्याशिवाय त्याला सोडू नये. म्हणजे लिहायचं राहिलेलं नाही. पण ते कलम ९८ बघा, त्याचं नावच डिस्चार्जवरून आहे, म्हणजे सगळा विचार ॲडमिट झालेल्या पेशंटचा. आम्ही बहुतेक लोक ॲडमिट नसतोच, महिन्याला एकदा नंबर लावून पाच मिनिटं आत जाऊन येणारे, त्यांचा डॉक्टर गेला तर कोण कुणाशी बोलणार? आणि सरकारी दवाखान्यात तर आणखी अवघड. आमच्या ओळखीच्या एका बाईंचा मुलगा सरकारीत दाखवतो, त्याला स्किझोफ्रेनिया आहे, डॉक्टरची बदली झाल्याचं त्यांना केसपेपर काढल्यावर खिडकीवर कळलं. तो मुलगा आधीच कुणावर विश्वास ठेवत नाही, त्याचा एका माणसावर बसला होता. नवीन डॉक्टर चांगले असतील, पण तो त्यांच्यासमोर बसलाच नाही, उठून घरी आला आणि त्या बाई आता नुसत्या त्याच्या जुन्या गोळ्या घेऊन येतात. बदल्या होणारच, पण जाणाऱ्या डॉक्टरनं एक दिवस येणाऱ्याला शेजारी बसवून पेशंट दाखवावेत एवढं तर आरोग्य खातं करू शकेल ना.

डॉक्टरांची बाजू मला कळत नाही असं नाही. आपल्या देशात लाखामागं एक सायकॅट्रिस्ट पण धड नाही, ०.७५ चा आकडा सांगतात, निदान तीन पाहिजेत म्हणतात. मॅडमकडं गुरुवारी किती गर्दी असते ते मी बघते, संध्याकाळी त्यांचा चेहरा उतरलेला असतो, जेवण झालंय की नाही माहीत नाही. म्हणून तर आम्ही जास्त घाबरतो. दुसरा मिळणं सोपं असतं तर एवढी भीती वाटलीच नसती. अडीअडचणीला टेली मानस या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात, मी एकदा वापरलाय आणि त्यांनी शांतपणे ऐकलं. तो नंबर सगळ्यांनी घरात लिहून ठेवावा. पण ज्यानं आपल्याला दहा वर्षं बघितलंय तो माणूस तो नाही.

जे डॉक्टर हे वाचतील त्यांना हात जोडून विनंती आहे. तुमच्या पेशंटला तुम्हीच एकदा विचारा, मी नसलो तर काय कराल, कारण तो स्वतःहून नाही विचारणार. सुट्टीवर जाणार असाल तर आधीच्या तारखेलाच सांगा, नुसतं रिसेप्शनवर सोडू नका. दोनदा फोन केला म्हणून मी रागावत नाही हे तोंडानं म्हणा, आम्हाला ते चेहऱ्यावरून कळत नाही, आम्ही चेहऱ्यावरून नेहमी वाईटच वाचतो. आणि तो एका पानाचा कागद द्या. आणि जे माझ्यासारखे आहेत त्यांनी पुढच्या तारखेला कागद मागून बघा, मॅडम रागावल्या नाहीत माझ्या.

पत्र छापलं तर कृपया नाव आणि गाव छापू नका, दोन्ही आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलंय. मला स्वतःला आता लाज वाटत नाही, पण मुलीचं बघायचं चाललंय आणि समोरच्या लोकांना मी स्वतः भेटून सांगणार आहे, त्यांना पेपरातून कळायला नको.

आपली,
एक वाचक
(जि. सांगली)