मैत्रिणीला धीर देताना हातात वही असू द्या

महोदय,

चाळिशी-पन्नाशीतल्या बाईची नोकरी सुटते, बढती हुकते किंवा दहा वर्षांच्या खंडानंतर ती पुन्हा कामावर जायचं ठरवते, तेव्हा मैत्रिणी धावून येतात. 'होईल गं सगळं नीट,' म्हणतात. त्यात माया असते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं काय करायचं हे तिला कळलेलं नसतं. बायकांनी एकमेकींना आधार द्यावा असं सगळेच लिहितात. तो द्यायचा कसा, यावर फार थोडं छापून येतं, म्हणून हे पत्र.

त्यासाठी मैत्रिणींनी आपला एक गट करावा. तो पाच-सहा जणींचा पुरे. आठच्या पुढे गेला की दोघी-तिघीच बोलतात, बाकीच्या ऐकतात आणि हळूहळू यायच्या थांबतात. पंधरा दिवसांतून एकदा दीड तास भेटायचं, वार आणि वेळ ठरलेली. आधी प्रत्येकीला दोन मिनिटं, मग दोघींना सलग २५-२५ मिनिटं. जिचा विषय असेल तिला सुरुवातीलाच विचारायचं, 'आज नुसतं ऐकून घेऊ, की वाट शोधायची?' हा प्रश्न राहिला की सल्ल्यांचा भडिमार होतो आणि ती पुढच्या वेळी मोकळी होत नाही. शेवटी पुढच्या भेटीपर्यंतचं एकच काम तिनं स्वतः सांगायचं, तारखेसह, आणि दुसरीनं ते वहीत टिपायचं. झालं नाही तर बोलणी नकोत, काम लहान करावं: दहा फोन जमले नाहीत, तर दोन. व्हॉट्सअॅपचा ग्रुप फक्त वेळ कळवण्यापुरता ठेवावा. तिथे शुभेच्छांचा पूर आला की कामाची गोष्ट वाहून जाते.

सगळ्या जणी एकाच कार्यालयातल्या नकोत. एक तर तिथे वरिष्ठांविषयी कुणी खरं बोलत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. नोकरीची खबर जवळच्या माणसांपेक्षा जुजबी ओळखीच्यांकडून अधिक येते, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं. जवळच्यांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. म्हणून प्रत्येकीनं आपल्या ओळखीतली, गटाला अपरिचित अशी पाच माणसं वहीत लिहावीत. शिफारस करताना 'माझी मैत्रीण आहे, बघा जरा' असं सांगून काही साधत नाही. जिला काम हवंय तिनंच चार ओळी लिहून द्याव्यात: कुठलं पद, आधी केलेलं काम, आता काय येतं, आणि १५ मिनिटं बोलायची विनंती. मैत्रिणीनं त्या तशाच पुढे पाठवाव्यात.

बायोडेटा दुसरीनं मोठ्यानं वाचावा. 'कार्यालयीन कामकाजात सहकार्य केले' हे वाक्य कानावर पडलं की त्यातला पोकळपणा लगेच जाणवतो. मग विचारत जायचं: म्हणजे काय? महिन्याला किती? कुणासाठी? दहा मिनिटांत त्याच वाक्याचं 'दरमहा २०० बिले तपासली, थकबाकीची यादी दर शुक्रवारी काढली' होतं. कर्तृत्व आधीही तेवढंच होतं. फक्त स्वतःचं काम मोजायची सवय नसते, आणि ते दुसरीनं मोजून घ्यावं लागतं.

खंड पडलेली वर्षं लपवू नयेत, एका ओळीत लिहून मोकळं व्हावं. मुलाखतीची तालीम मात्र हवीच. 'इतकी वर्षं काय केलंत?' हा प्रश्न तिघींनी तीन सुरांत विचारावा: सहज, घाईत, खोचकपणे. पहिल्यांदा उत्तर लांबत जातं आणि स्पष्टीकरण करता करता माफी मागितल्यासारखं होतं. घड्याळ लावून ते ३० सेकंदांवर आणावं. एका वाक्यात कारण, दोन वाक्यांत या काळात काय शिकलात ते, आणि लगेच समोरच्या कामाकडे वळायचं.

नोकरी टिकवणारीलाही सोबत लागते. बैठकीत बाईनं मांडलेला मुद्दा हवेत विरतो आणि थोड्या वेळानं दुसऱ्याच्या नावावर जमा होतो. ओबामांच्या कारकिर्दीत व्हाइट हाउसमधल्या महिला कर्मचाऱ्यांनी यावर साधा उपाय केला होता: एकीनं मुद्दा मांडला की दुसरीनं तो तिचं नाव घेऊन पुन्हा मांडायचा. दोघी असल्या तरी हे जमतं.

आता शरीराबद्दल. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. पण त्याआधीची काही वर्षंच अनेकींना जड जातात: अंगातून गरम वाफा, तुटक झोप, चिडचिड, ओठांवर येऊन अडणारा शब्द. नेमक्या याच काळात 'आता मला जमत नाही' म्हणत राजीनामे लिहिले जातात. अशा वेळी मैत्रिणीनं दोन गोष्टी कराव्यात. राजीनामा दोन आठवडे थांबवायला सांगावं, आणि तेवढे दिवस रोज चार नोंदी करायला लावाव्यात: झोप किती तास, गरम वाफा किती वेळा, रक्तस्राव किती, कामात अडलं कुठे. ही वही पाहून डॉक्टरांना पुष्कळ कळतं. सततचा थकवा थायरॉइडमुळे किंवा हिमोग्लोबिन कमी असल्यानंही येतो, त्यामुळे 'वयाचंच आहे' म्हणून सोडून देऊ नये. तपासणीला सोबत जावं, तीन प्रश्न आधी कागदावर लिहून न्यावेत.

औषधाचा सल्ला मात्र मैत्रिणीनं देऊ नये. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर हार्मोनच्या उपचारांची धास्ती बसली आणि असंख्य बायकांनी ते बंद केले. पुढे वयानुसार आकडे पाहिल्यावर चित्र बदललं. साठीच्या आतल्या किंवा पाळी थांबून दहा वर्षं न झालेल्या, एरवी निरोगी असलेल्या आणि त्रास जास्त असलेल्या बाईला बहुधा धोक्यापेक्षा फायदा अधिक, असं आता मानलं जातं. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, तर हिशेब वेगळा. म्हणूनच 'मला गुण आला, तूही घे' आणि 'ते विष आहे, शिवू नकोस' ही दोन्ही वाक्यं गटात वर्ज्य असावीत.

पैशाचं थोडक्यात. नोकरी सोडण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का, आणि आरोग्य विमा मालकाकडून असेल तर तो कोणत्या तारखेला संपतो, हे दोन्ही मैत्रिणीनं विचारावं. गटात उसनवारी नको, जामीन राहणंही नको. पैसा अडकला की ती बाई भेटीला यायचं टाळते, आणि नेमकी तिलाच गटाची सगळ्यात जास्त गरज असते.

एक विनंती. या वयातल्या बायकांसाठी आपण जेव्हा काही छापाल, तेव्हा एक वाक्य चौकटीत, ठळक अक्षरांत द्यावं: पाळी थांबून वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण हीच असू शकते. अनेक जणी संकोचानं हे मैत्रिणीलासुद्धा सांगत नाहीत. वर्तमानपत्रात वाचलं तर कदाचित सांगतील.

कळावे,
एक वाचक