नाताळच्या सुट्टीत फोर्टात राहा

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रिसॉर्टचा आकडा सांगितलास आणि यंदा कुठेच जायला नको म्हणालास, ते मनाला लागलं. ओवी दुसरीत आहे. आई-बाबा दिवसभर आपल्याजवळ आहेत, असे दिवस तिला याच वयात मिळायला हवेत. त्यासाठी बचत मोडायची गरज नाही. तिघं मुंबईला जा आणि मुक्काम तिथल्या जुन्या ऑफिसांच्या भागात, फोर्टातच करा. माझी सगळी नोकरी त्या भागात झाली. तू मात्र लहानपणी माझ्या ऑफिसात आलास, तेवढाच तुला फोर्ट माहीत.

फोर्ट महाग असं लोक म्हणतात. राहायला आहे, खायला नाही. रोज दुपारी कारकून, शिपाई, कोर्टातले पक्षकार जेवायला बाहेर पडतात, आणि त्यांच्या खिशाला झेपेल असं खाणं विकणारी दुकानंच तिथे गल्लोगल्ली टिकली आहेत. गिऱ्हाईक इतकं की सकाळी केलेलं दुपारी संपतं, त्यामुळे शिळं पानात पडायची भीती कमी. पण हा सगळा कारभार ऑफिसच्या वेळेवर चालतो. रविवारी यातलं बरंच बंद. म्हणून गुरुवारी संध्याकाळी नागपूरहून विदर्भ एक्सप्रेसने निघा, शुक्रवार-शनिवार पोटभर खा आणि रविवार बघायला ठेवा. त्या दिवशी रस्ते मोकळे असतात, ओवीचा हात सोडला तरी जीव वर-खाली होत नाही.

राहण्याचं आधी बघ. सीएसएमटीला रिटायरिंग रूम रेल्वेच्या तिकिटावरच ऑनलाइन मिळते, पण थोड्याच काळासाठी, आणि सुट्टीत लगेच भरते. ती नाही मिळाली तर फोर्टाला लागून कुलाब्यात ताज हॉटेलच्या मागे साल्व्हेशन आर्मीचं वसतिगृह आहे, शिवाय मादाम कामा रोडला वायडब्ल्यूसीएचं गेस्ट हाउस आहे. खोल्या साध्या असतात. अनघाला आधीच सांग, म्हणजे तिथे गेल्यावर तिचा विरस व्हायला नको.

सकाळी उतरलात की लगेच बाहेर पळू नका. स्टेशनची इमारत १८८८ मध्ये पुरी झाली, फ्रेडरिक स्टीव्हन्सने आराखडा केला, २००४ पासून ती जागतिक वारसा आहे, हे तू वाचशीलच. ओवीला त्याचं काय! तिला फाटकाच्या खांबांवर बसलेले दोघे दाखव, एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. मग भिंतींवर कोरलेले मोर, माकडं, खारी शोधायला लाव. तासभर जाईल, पैसा लागणार नाही. रात्री दिवे लागले की पुन्हा या. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच.

तिथून जवळच पंचम पुरीवाला आहे. पुरीभाजी खाऊन घ्या, गरम पुरी ताटात येते तेव्हा टम्म फुगलेली असते. एखाद्या सकाळी धोबीतलावला कयानीत जा. १९०४ चं इराणी हॉटेल आहे. ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, चहात बुडवून खायचा, नाहीतर टाळू सोलून निघतो. ओवीला बनच द्या.

शनिवारी साडेअकराच्या सुमारास चर्चगेट स्टेशनबाहेर उभे राहा. डबेवाले लोकलमधून उतरून डबे लावत असतात. झाकणांवर रंगाने काढलेली अक्षरं आणि आकडे बघा. कुठल्या स्टेशनचा, कुठल्या इमारतीचा, कितव्या मजल्याचा, सगळं त्या खुणांत. ओवीला आकडे वाचायचा नाद आहे, तिला हे फार आवडेल. मात्र वाटेत उभे राहू नका, त्यांना घाई असते.

चर्चगेटहून ओव्हल मैदानात चालत या. एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला गोलसर गच्च्यांच्या आर्ट डेको शैलीच्या इमारती. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. टॉवर २८० फूट उंच आहे. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव ठेवलं. त्या माउलीला दिसत नसे, सूर्यास्ताआधी जेवायचा नेम होता, घंटा ऐकून तिला वेळ कळायची, असं सांगतात. मला ऑफिसातून निघताना ती गोष्ट हटकून आठवायची.

हुतात्मा चौकात मात्र थांबाच. फ्लोरा फाउंटन १८६४ चं आहे, सुंदर आहे, पण शेजारच्या स्मारकापाशी ओवीला सांग की मुंबई महाराष्ट्रात राहावी म्हणून इथे माणसांनी गोळ्या झेलल्या. दुसरीतल्या मुलीला हे कळतं.

रविवारी सकाळी हॉर्निमन सर्कलच्या बागेत जा, मग एशियाटिक लायब्ररीच्या तीस पायऱ्यांवर बसा. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही. तिथून चार पावलांवर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिथे तिकीट आहे, पण ते खुशाल काढा, अर्धा दिवस आत राहा. खर्च करायचा तर असा करावा. टॅक्सी मात्र टाळा. बेस्टच्या एसी बसचं किमान तिकीट बारा रुपये, आणि सीएसएमटीहून विजेवरची डबलडेकर सुटते, तिच्यात वरच्या मजल्यावर पुढची जागा धरा. मरीन ड्राइव्ह संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. भेळ घ्या, बर्फाचा गोळा नको, ओवीचा घसा लगेच धरतो.

डिसेंबरातही तिथे घाम येतो. सुती कपडे घ्या, पाण्याच्या बाटल्या घरूनच न्या. तिकिटं आजच बघ, नाताळच्या गाड्या लवकर भरतात. पीएनआर आला की मला पाठव. कमी पडत असतील तर निःसंकोच सांग, माझ्या पेन्शनमधून ओवीचं तिकीट मी काढते.

अनघाला आशीर्वाद, ओवीला गोड पापा.

तुझी,
आई