कासवांच्या किनाऱ्यावर रात्री अंधार हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी-मार्च आला की वेळास आणि आंजर्ल्याच्या कासव महोत्सवाची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकू लागतात आणि पुण्या-मुंबईची मंडळी मंडणगड-दापोलीची वाट धरतात. त्या छायाचित्रांत न दिसणाऱ्या कामाबद्दल, आणि त्या कामावर पाणी फिरवणाऱ्या एका गोष्टीबद्दल लिहावेसे वाटले.

नाना फडणवीसांच्या वेळासमध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन २००२ साली ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाला सुरुवात केली. तोवर घरटी एकतर माणसे उकरून नेत, नाहीतर कोल्ही-कुत्री. आज रत्नागिरीबरोबरच रायगड आणि सिंधुदुर्गातही वनविभागाच्या साहाय्याने गावोगावचे ‘कासवमित्र’ हे काम करतात. पहाटे उजाडण्यापूर्वी किनारा चालायचा, मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग ओळखायचा, काठीने वाळू चाचपून घरटे शोधायचे आणि त्यातली शंभर-सव्वाशे अंडी उलटसुलट होऊ न देता काही तासांच्या आत उबवणी केंद्रात आणायची. तिथला खड्डाही मादीने खणला होता तसाच, तोंडाला अरुंद आणि तळाशी रुंद करावा लागतो. त्यानंतर साधारण ४५ ते ६० दिवस राखण. वाळू जास्त तापली तर बहुतेक पिल्ले माद्याच निपजतात आणि आणखी तापली तर अंडीच दगावतात, म्हणून तापमानावरही लक्ष ठेवावे लागते. हे सारे हंगामापुरत्या मानधनावर चालते, हे पर्यटकांपैकी किती जणांना ठाऊक असते कोण जाणे.

परंतु कासवमित्र अंडी वाचवू शकतो. मादीने मुळात किनाऱ्यावर यावे, हे त्याच्या हातात नाही. ती रात्री येते आणि उजेड किंवा हालचाल दिसली तर पुष्कळदा अंडी न घालताच माघारी वळते. पिल्लेही वाळूतून वर आल्यावर जिकडे उजेड अधिक तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो, आता मात्र तो राहण्या-जेवण्याच्या सोयी करणाऱ्यांच्या प्रखर दिव्यांचा असतो. त्यात भर म्हणून ओल्या वाळूवर गाड्या पळवण्याची हौस. चाकांच्या खोल चरीत अडकलेले बोटभर पिल्लू बाहेर येईपर्यंत कावळ्याच्या किंवा कुर्लीच्या तोंडी जाते.

हे मी दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी पाहुण्यांना ‘कासव दाखवायला’ मीच रात्री विजेरी घेऊन गेलो होतो. लाटांतून अर्ध्यावर आलेली मादी आमच्या उजेडाने परत फिरली. दुसऱ्या दिवशी तिथल्या कासवमित्राने ते माग पाहून विचारले, “काल कोण आलं होतं इकडे?” मला उत्तर देता आले नाही.

२०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर धातूची पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. एवढा समुद्र पार करून आलेल्या जिवाला शेवटच्या पन्नास पावलांवर आपण अडवावे, हे काही बरे दिसत नाही. ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षण कागदावर भक्कम आहे.

त्यामुळे माझी विनंती एवढीच आहे की, नोव्हेंबर ते मे या काळात विणीच्या किनाऱ्यांवर सूर्यास्तानंतर वाहनांना मज्जाव असावा, समुद्राकडे तोंड केलेले दिवे झाकावेत किंवा विझवावेत, आणि किनाऱ्यालगत बांधकामाला अथवा दिव्यांच्या खांबांना परवानगी देण्यापूर्वी संबंधित ग्रामपंचायतीने त्या गावच्या कासवमित्राचे मत लेखी घ्यावे. कुठल्या वळणावर घरटी अधिक सापडतात, हे त्याच्याइतके नेमके कुणालाच सांगता येणार नाही. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी याविषयी ग्रामसभांमधून ठराव व्हावेत, यासाठी आपल्या पत्राने पाठपुरावा करावा.

आपला,
एक वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी